आजोबांची सायकल आणि झिजेची वही

गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. शिरूरच्या आमच्या दुकानामागील जुन्या गोदामाची साफसफाई चालू होती. रिकामे डबे, लाकडी फळ्या, मोडका तराजू आणि बारदानाच्या थप्प्या बाजूला सारल्यावर भिंतीला टेकून उभी असलेली आजोबांची सायकल दिसली. काळी, उंच, सळईच्या ब्रेकची, मागे रुंद कॅरिअर असलेली बी.एस.ए. आजोबा गेल्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता. मुलांना फार आनंद झाला. दुकानाच्या नव्या दर्शनी भागात ती काचेमागे ठेवायची, असे त्यांनी तेथेच ठरवून टाकले. रंगाचा कारखाना कोणता, क्रोम कोठे करून मिळेल, बाजूने सोनेरी रेघा कोण मारील, याची चौकशी संध्याकाळपर्यंत पूर्णही झाली.

त्याच रात्री दौंडच्या चुलतभावाचा फोन आला. मुलांनी त्याला छायाचित्र पाठवले होते. तो एवढेच म्हणाला, "दादा, घाई करू नका. आमच्या सायकलीचे काय झाले ते आधी येऊन बघा."

दौंडची सायकल म्हणजे आमच्या सायकलीची सख्खी बहीण. १९४९ साली आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू अशा दोघांनी पुण्यातून एकाच दिवशी दोन सायकली घेतल्या. थोरले शिरूरच्या पेढीवर राहिले आणि धाकट्यांनी दौंडला दुकान मांडले. एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन सायकली पंचाहत्तर वर्षे दोन गावांत जगल्या. त्या दोन्ही पाहिल्यावर मला जे उमगले, ते आपल्यासारख्या व्यापारी घरांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर किंवा गोदामात अशी एखादी सायकल उभी असेल आणि आज ना उद्या तिचा निर्णय घ्यावा लागणारच आहे.

दोन गावे, दोन हवा

शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात. पुणे-नगर रस्त्यावरील ही जुनी बाजारपेठ आहे, पण गावाला रेल्वे नाही. येथील माल आधी बैलगाडीने, मग मोटारीने आला आणि खेड्यापाड्यांत बराचसा सायकलीवरून पोहोचला. दौंडची गोष्ट निराळी. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वेमार्ग सुरू झाला आणि भीमेच्या काठचे हे गाव जंक्शन बनले. १९१४ पासून बारामतीकडे अरुंद मार्गाची गाडीही धावू लागली. तेथील व्यापार मालधक्क्याभोवती वाढला. घोडनदी पुढे भीमेलाच मिळते. या दोन पेठांमध्ये पन्नास-साठ किलोमीटरचे अंतर असले, तरी आमच्यासारखी घरे दोन्हीकडे नांदत आली आहेत.

टेम्पो येण्याआधी किराणा, भुसार वा कापडाच्या दुकानदाराची सायकल म्हणजे त्याचे फिरते दुकानच असे. सकाळी वसुली, दुपारी मालाची पोच आणि संध्याकाळी बँक किंवा पोस्ट. आजोबा न्हावऱ्यापर्यंत सायकलीने जात आणि परत येताना गावोगावचे निरोप घेऊन येत.

जुन्या लोखंडाच्या दृष्टीने या दोन तालुक्यांना एक मोठी देणगी आहे, ती म्हणजे कोरडी हवा. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतील शिरूर-दौंडला तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. शेतकऱ्याला हा शाप असला, तरी पोलादाला ते वरदान ठरते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांखाली असेल, तर गंजाची क्रिया अतिशय मंदावते. कोकणात खाऱ्या हवेत उभी असलेली सायकल काही वर्षांतच पोखरली जाते. आपल्याकडची मात्र तीच सायकल दोन-तीन पिढ्या टिकू शकते.

तरीही आमच्या दोन सायकली सारख्या म्हाताऱ्या झाल्या नाहीत. शिरूरची तेलाच्या दुकानात राबली. कॅरिअरवर तेलाचे डबे, हातांना तेल, पुसायच्या फडक्यालाही तेल. नकळत तिच्या अंगावर तेलाचा पातळ लेप बसत गेला. दौंडची राबली मिठाच्या आणि धान्याच्या पोत्यांखाली, तीही कोळशाच्या इंजिनांच्या काळात. मीठ हवेतील ओल धरून ठेवते आणि त्यातील क्लोराइड लोखंडावरील संरक्षक थर फोडते. कोळशाच्या धुरातील गंधकाचे वायू ओलाव्यात मिसळले की आम्ल तयार होते. त्यामुळे शिरूरच्या सायकलीचे कॅरिअर काळेभोर राहिले आणि दौंडच्या कॅरिअरच्या पट्ट्या कडांनी खाल्ल्या गेल्या. कोणत्या भावाने कोणता धंदा केला, हे दोन कॅरिअर शेजारी ठेवले असते तर अनोळखी माणसालाही सांगता आले असते.

गंज वेगळा, मुरलेपण वेगळे

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. जुनेपणाच्या सगळ्या खुणा सारख्या नसतात. पाश्चात्त्य देशांत जुन्या वस्तूवर काळाने आणि वापराने चढलेल्या कळेला 'पटिना' म्हणतात. मूळ शब्द इटालियन. आपल्याकडे लोणचे मुरते, गवयाचा आवाज मुरतो, माणूस धंद्यात मुरतो. त्याच अर्थाने या कळेला 'मुरलेपण' म्हणायला हरकत नसावी.

तांबे, पितळ आणि कासे यांवर काळाने जो गडद थर चढतो, तो घट्ट असतो. खालच्या धातूला तो झाकतो आणि पुढची झीज रोखतो. लोखंडाचा गंज मात्र उलट वागतो. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगातून झालेला हा थर सच्छिद्र असतो. मूळ लोखंडापेक्षा तो दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून फुगतो, सुटतो आणि खालचे नवे लोखंड उघडे पाडतो. आपल्या भाषेत सांगायचे तर पितळावरची कळा ही ठेव आहे आणि लोखंडावरचा गंज हे चक्रवाढ व्याजाचे कर्ज. ठेव मोडू नये आणि कर्ज वाढू देऊ नये, एवढे ध्यानात ठेवले की निम्मे काम होते.

सायकलीच्या अंगावर हे दोन्ही एकत्र नांदतात. जुन्या सायकलींच्या चौकटीवर भट्टीत भाजून पक्का केलेला काळा रंग असे. तो इतका चिवट असे की सत्तर वर्षांनंतरही आतून चमकतो. वर असते ती धूळ आणि वाळलेल्या तेलाची पुटे. चमकणाऱ्या भागांवर आधी निकेलचा मुलामा देत. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून निकेलवर क्रोमचा थर देण्याची पद्धत रूढ झाली. हा क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्या छिद्रांतून ओल खाली उतरते आणि हँडलवर तांबूस ठिपके उमटतात. हे ठिपके पाहून हँडल वाया गेले असे आपण समजतो. पुष्कळदा खालचे निकेल शाबूत असते आणि ठिपके वरचेवर निघून येतात.

सायकल वाचायची कशी

जुनी वही वाचता येते, तशी जुनी सायकलही वाचता येते. फक्त अक्षरे ओळखीची व्हावी लागतात.

प्रथम पॅडल पाहावेत. सायकलीवर आपण डाव्या बाजूने चढतो. डावा पाय पॅडलवर ठेवून दोन-चार ढेंगा टाकायच्या आणि मग उजवा पाय पलीकडे न्यायचा. सगळा भार रोज डाव्या पॅडलवर पडतो. आमच्या सायकलीच्या डाव्या पॅडलचे रबर पार सपाट झाले आहे, तर उजव्यावरचे खाचे अजून बोटाला लागतात. धोतर नेसणारे आजोबा दिवसातून किती वेळा चढले-उतरले असतील, याची एवढी खात्रीची नोंद दुसऱ्या कोठे सापडणार?

मग चेन. सायकलीच्या चेनच्या दोन खिळ्यांतील अंतर अर्धा इंच असते, म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. वापराने खिळे आणि त्यांची भोके झिजतात आणि चेन लांबते. बारा इंचांच्या जागी बारा इंच एक सूत भरले की मिस्त्री चेन बदलायला सांगतो. आमची चेन बारा इंच दोन सूत भरली. पुढच्या चक्राचे दाते तिच्यामुळे एका बाजूला आकड्यासारखे वाकले आहेत. आजोबांनी चेन वेळेवर बदलली नाही हे उघड आहे. त्यांची काटकसर घरात सर्वांना ठाऊक होती. तिचा लेखी पुरावा इतक्या वर्षांनी हाती आला आणि आम्ही सारे मनमुराद हसलो.

मागच्या मडगार्डवर पितळी बिल्ला आहे. एके काळी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. बिल्ला नसेल तर सायकल अडवली जाई. मागच्या चिमट्यावर डायनॅमोच्या पट्टीने पाडलेला वण आहे. रात्री दिव्याविना सायकल चालवली तर दंड होई, त्या काळातला. दिवा गेला, वण राहिला.

कॅरिअरच्या उजव्या पायाला पितळेचा जाड जोड आहे. घरात सांगतात की तो १९७२ च्या दुष्काळातला. त्या वर्षी माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती आणि रेशनवर परदेशी लाल ज्वारी, लोकांच्या तोंडची 'मिलो', मिळत होती. आजोबा कामावरच्या माणसांना धान्य पोचवायला जात. खडीच्या रस्त्यावर पोत्याच्या भाराने कॅरिअरचा पाय तुटला. लोहाराने तो पितळेने सांधून दिला आणि दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा रस्त्यावर आली. त्या वर्षाच्या उधारीची वही आजोबांनी पुढे कधी उघडली नाही, असे वडील सांगत. वही आज आमच्याजवळ नाही, जोड मात्र आहे.

आणि पुढच्या नळीवरचे मानचिन्ह. बी.एस.ए. ही अक्षरे 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स' या नावाची. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी ही कंपनी काढली आणि १८८० च्या सुमारास ती सायकलींकडे वळली. तिचे चिन्ह म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. अहिंसा हा ज्यांचा कुळाचार, त्या घरात बंदुकीचे चिन्ह पाऊण शतक नांदले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. त्याचे कारणही झीजच. दर दिवाळीला वहीपूजनाच्या आदल्या दिवशी आजोबा ते पितळी मानचिन्ह चिंचेने घासून लखलखीत करीत. वर्षानुवर्षांच्या घासण्याने बंदुका पुसल्या गेल्या. आता तेथे तीन मऊ, सोनेरी रेषा तेवढ्या उरल्या आहेत. ठाऊक नसलेल्याला त्या गव्हाच्या ओंब्या वाटाव्यात.

दौंडला काय झाले

भावाच्या फोननंतरच्या रविवारी आम्ही न्हावरा-चौफुला रस्त्याने दौंडला गेलो. त्यांची सायकल दिवाणखान्यात उभी होती. काळाकुळकुळीत रंग, आरशासारखे हँडल, कोरे टायर, नवी चामडी बैठक. क्षणभर डोळे दिपले. मुले म्हणाली, "आम्हाला अशीच हवी."

चार वर्षांपूर्वी भावाने ती एका कारखान्यात दिली होती. कामात त्यांनी कसूर केली नव्हती, सांगितले तेच केले. वाळूचा मारा करून चौकट उघडी केली, खड्डे लांबीने भरले, जोड घासून सपाट केले आणि पावडरचा रंग भट्टीत भाजून चढवला. जुने सुटे भाग भंगारात गेले. ते परत मागावेत हे भावाला सुचले नाही आणि ते जपावेत हे कारखान्याला.

सायकल घरी आली त्या दिवशी पेढे वाटले गेले. काकू तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. त्या हळूहळू चालत सायकलीजवळ आल्या आणि आडव्या दांडीवरून बोट फिरवू लागल्या. पुढून मागे, मागून पुढे. कोणाला काही कळेना. शेवटी त्या भावाला म्हणाल्या, "अरे, इथे तुझ्या सीटचे वण होते ना?"

भाऊ लहान असताना काकांनी दांडीवर लोखंडी बाळसीट बसवली होती. तिच्या बोल्टांनी रंग खरवडून दोन खोल वण पडले होते. काका त्याला त्या सीटवर बसवून रोज स्थानकावर गाड्या दाखवायला नेत. काका गेल्यावर येता-जाता त्या वणांना हात लावायची काकूंना सवय झाली होती, हे त्या दिवशी घराला समजले. भाऊ हे सांगताना खाली बघत होता. "आईने पुन्हा विषय काढला नाही," तो म्हणाला, "पण त्यानंतर ती सायकलीकडे गेली नाही. माझीच सीट मी घासून टाकली, दादा."

परतीच्या वाटेवर मुले गप्प होती. चौफुल्याला चहा घेताना धाकटी म्हणाली, "आपली नको रंगवायला."

पण बैठकीचे काय?

रंगाचा प्रश्न सुटला, तेव्हा दुसरा उभा राहिला. जुन्या सायकलींची जाण असलेल्या एका गृहस्थांनी आमची सायकल पाहिली आणि फार वाखाणली. मग म्हणाले, "एवढी बैठक तेवढी बदला. ही मूळची नाही. मूळच्या घाटाची चामडी बैठक बसवलीत, तर हिची किंमत कितीतरी वाढेल."

ते चुकीचे सांगत नव्हते. इंग्रजी सायकलींच्या बैठका जाड चामड्याच्या असत. चामड्याचा एकच तुकडा लोखंडी सांगाड्यावर ताणून बसवलेला असे आणि बसणाऱ्याच्या घामाने नि भाराने तो हळूहळू त्याच्याच शरीराचा आकार घेई. अशी मुरलेली बैठक संग्राहकांच्या लेखी सायकलीचा मुकुटमणीच. १८६६ पासूनची ब्रुक्स ही इंग्रजी कंपनी याच बैठकांसाठी जगभर ओळखली जाते.

आमच्या आजोबांनी सायकल घरी आणली, त्याच आठवड्यात ती चामडी बैठक उतरवली होती. टांग्याच्या गाद्या शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांनी त्याच स्प्रिंगांवर काथ्या भरून रेक्झिनची बैठक शिवून घेतली. त्यात नवल काही नव्हते. पायांत कापडी जोडा, कमरेला कापडी कसा, तसेच बसायलाही चामडे नको, एवढा सरळ विचार. रेक्झिन पुढे भेगाळले, दोनदा बदलले गेले. आज जे आहे त्याच्या एका कडेतून काथ्या डोकावतो.

आता मूळचे कोणते म्हणायचे? कारखान्यातून आले ते मूळचे, असे बाजार म्हणतो, आणि जिला मालक नाही अशा विक्रीच्या वस्तूला ते मोजमाप योग्यही असेल. पण घरातल्या वस्तूचे मूळ कारखान्यात थोडेच असते? ते घरात असते. बर्मिंगहॅमच्या कारागिराने बसवलेली बैठक हजारो सायकलींवर होती. काथ्याची ही बैठक जगात एकाच सायकलीवर आहे आणि तिच्यात आमच्या आजोबांचा आचार शिवलेला आहे. किंमत वाढवण्यासाठी तीच काढून टाकायची, म्हणजे खाते देखणे दिसावे म्हणून खरी नोंद खोडण्यासारखे झाले. व्यापाऱ्याच्या घरात याहून मोठा दोष कोणता? वहीत चुकलेली रक्कमसुद्धा आपण खरवडत नाही. तिच्यावर रेघ मारतो आणि बरोबर रक्कम शेजारी लिहितो.

द्रव्य आणि पर्याय हा भेद आपल्याकडे लहानपणीच कानांवर पडतो. वस्तू टिकते, तिच्या अवस्था पालटतात. सायकलीच्या या साऱ्या खुणा म्हणजे तिच्या पालटलेल्या अवस्थाच. त्यांतील एकच अवस्था, म्हणजे पहिली कोरी, तेवढी खरी मानून बाकीच्या पुसायच्या, हे मनाला पटेना. आम्ही त्या गृहस्थांचे आभार मानले आणि बैठक तशीच ठेवली.

जपायचे म्हणजे काय करायचे

न रंगवणे याचा अर्थ तशीच सडू देणे असा नव्हे. पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी स्वतःच्या संग्रहातून उभारलेले सायकलींचे संग्रहालय २०१७ मध्ये खुले झाले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बी.एस.ए.ची घडीची सायकलही तेथे आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. आपल्या गोदामातील वस्तू हा इतिहासाचा भाग आहे, हे तेथे न सांगता पटते. आम्ही तेथे पाहिलेल्यावरून, मिस्त्रींकडून ऐकलेल्यावरून आणि स्वतः केलेल्या चुकांवरून शिकलो, ते थोडक्यात असे.

कामाला हात घालण्यापूर्वी प्रत्येक बाजूची छायाचित्रे काढावीत. घरातील वडीलधाऱ्यांना सायकलीजवळ बसवून प्रत्येक वणाची हकीकत विचारावी आणि तारखेसह लिहून ठेवावी. ही नोंद सायकलीइतकीच मोलाची आहे. मग सायकल उघड्यावर, सावलीत आणावी. नळ्यांत, बैठकीखाली, मडगार्डच्या आत कोळी, मुंग्या, गांधीलमाश्यांची मातीची घरे असतात. तेल किंवा औषध लावण्याआधी मऊ ब्रशने हलकेच झाडून जीव निघून जाऊ द्यावेत. एखाद्या घरात वस्ती असेल, तर काम महिनाभर पुढे ढकलावे. पंचाहत्तर वर्षे थांबलेली सायकल आणखी एक महिना थांबते.

पाण्याचा फवारा टाळावा. ते नळ्यांत शिरते आणि आतून गंज लावते. किंचित ओलसर सुती फडक्याने धूळ टिपावी, लगेच कोरडे करावे. रंगावरचा गंज यंत्राच्या पातळ तेलात फडके भिजवून, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहून, हलक्या हाताने काढावा. सँडपेपर वापरू नये. क्रोमवरचे ठिपके अ‍ॅल्युमिनिअमची पातळ पन्नी पाण्यात भिजवून चोळल्यास बहुधा निघतात. खायचे तेल मात्र लावू नये. शेंगदाण्याचे तेल काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरते, हे तेलाच्या व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा. मधमाशांचे मेण ज्यांना वर्ज्य आहे, त्यांनी ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण किंवा खनिज मेण घ्यावे. दोन्ही चांगले काम देतात.

सायकल चालवायची असेल, तर मात्र हळवेपणा बाजूला ठेवावा. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, छर्रे आणि चेन हे झिजण्यासाठीच केलेले भाग आहेत. ते निःशंकपणे नवे घालावेत. चिमट्याला आणि हँडलच्या दांड्याला तडा नाही ना, हे जाणकार मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. काढलेले भाग टाकून न देता पिशवीत घालून वर चिठ्ठी बांधावी. ज्या सायकलीचे पोलादच पोखरले आहे, भोके पडली आहेत, तिला रंग आणि डागडुजी दोन्ही लागतील. तेथे संकोच करू नये. फक्त एखादा वण, एखादा जोड आधी शोधून तेवढा भाग रंगाशिवाय ठेवायला सांगावे. दौंडच्या भावाला आज हेच एक वाटते.

नव्या पानावर

आमची सायकल आता दुकानाच्या दर्शनी भागात उभी आहे. काचेमागे नव्हे, हात लागेल अशी. चेन तीच, बारा इंच दोन सूत. बैठकीतून काथ्या डोकावतोच आहे. गिऱ्हाइके थांबून पाहतात आणि वयस्क मंडळी हटकून कॅरिअरच्या पितळी जोडावर बोट ठेवतात.

दिवाळीला दौंडचा परिवार वहीपूजनाला आला होता. काकूही आल्या. मुलांनी त्यांचा हात धरून त्यांना सायकलीजवळ नेले. त्यांनी दांडीवरून बोट फिरवले. आमच्या दांडीवर बाळसीटचे वण नाहीत, कारण आजोबा मुलांना पुढे न बसवता कॅरिअरवर बसवीत. काकूंनी मग कॅरिअरच्या पट्ट्या चाचपल्या आणि तेथली गुळगुळीत, खोलगट झीज त्यांच्या हाताला लागली.

"तुझे बाबा इथे बसायचे," त्या मला म्हणाल्या.

मला हे ठाऊक नव्हते. त्या रात्री सायकलीच्या नोंदवहीत मी एक ओळ वाढवली.